सोपाऱ्याचा नववा लेख आणि उसगावची वाट

विरार स्थानकात पश्चिमेच्या बाजूस उतरणाऱ्या आपल्या मंडळींची वाट ठरलेली असते. रिक्षा आगाशीच्या दिशेने निघते, मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन होते, पूजा होते, भोजनशाळेत जेवण होते आणि उन्हे उतरण्याच्या सुमारास मंडळी परतीच्या गाडीत बसतात. मुंबईच्या अनेक व्यापारी घरांतून ही यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वसई तालुक्याचे आपले ज्ञान बहुधा एवढेच. फार तर चिमाजी आप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला, वसईची केळी आणि फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने येणाऱ्या बायका, इतकी भर त्यात पडते. रेल्वेच्या पूर्वेस, महामार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या डोंगरामागे हाच तालुका पुढे पसरलेला आहे, याची जाणीव फारशी कोणास नसते. गेल्या फाल्गुनात दर्शन झाल्यावर मी मुद्दाम दोन दिवस मुक्काम केला आणि तो मुलूख पाहून आलो. त्याचे हे टिपण.

पूर्वेकडे वळण्यापूर्वी सोपाऱ्यात थांबणे अवश्य होते. आजचे गजबजलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील एकेकाळचे नामांकित बंदर. आपल्या ग्रंथांत त्याचे नाव एका दुष्काळाच्या निमित्ताने येते. वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी हे बारा वर्षांच्या दुष्काळात विहार करीत सोपाऱ्यास आले. तेथील जिनदत्त श्रावकाच्या घरी त्याची पत्नी ईश्वरी हिने लक्ष मोलाचे धान्य शिजविले होते. त्यात विष कालवून सर्व कुटुंबाने ते शेवटचे अन्न खावे असा तिचा निश्चय होता. लक्षमोलाचा भात जेथे शिजेल तेथे दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, हे गुरूंचे वचन सूरींच्या स्मरणात होते. त्यांनी तिला थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरास लागली. पुढे त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. ही कथा आपण व्याख्यानात अनेकदा ऐकतो ती गुरुवचनाच्या माहात्म्यासाठी. मला मात्र प्रत्यक्ष त्या भूमीवर उभे राहिल्यावर दुसरीच गोष्ट जाणवली. जिनदत्त दरिद्री नव्हता. त्याच्या घरी लक्ष मोजण्याइतके द्रव्य होते, घर बंदरात होते, आणि तरीही तेथे उपासमार होती. संपन्नता आणि भूक एका गावात नांदू शकतात, ही गोष्ट या कथेतच आहे.

सोपाऱ्यातील ज्या टेकाडास लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणले तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी त्यांना येथे एका तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. स्तूप आज कुंपणात शांत आहे. आसपासची मुले तेथे क्रिकेट खेळतात.

या दोन लेखांचा आशय प्रवासास निघालेल्या कोणीही जाणून घ्यावा असा आहे. आठव्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या व मृगयेच्या यात्रा करीत. मी धर्मयात्रा करतो, तिच्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान आणि जनपदातील, म्हणजे खेड्यापाड्यांतील, लोकांचे दर्शन घडते. दर्शन देवाचे घ्यावे हे आपण जाणतो. येथे सम्राट खेडुतांचे दर्शन घेण्यास जातो. नववा लेख मंगल विधींविषयी आहे. आजारपणात, मुलामुलींच्या विवाहांत, अपत्यजन्मात, प्रवासास निघताना लोक नाना प्रकारची मंगले करतात. त्यांचे फळ अल्प असते. खरे फळ देणारे मंगल कोणते, तर दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. लग्नाचा खर्च आणि दासांशी वर्तन या दोन गोष्टी एकाच लेखात शेजारी शेजारी याव्यात, आणि तो लेख याच तालुक्याच्या मातीत मिळावा, हा योगायोग मला पुढच्या दोन दिवसांत फार छळत राहिला.

नालासोपारा-विरारच्या पूर्व भागाविषयी फार लिहीत नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती आणि नंतर ती किती वाढली असेल याची कल्पना सकाळच्या गाडीत शिरण्याची धडपड करणाऱ्यास सहज येते. चाळी, इमारती, पाण्याचे टँकर, नव्या इमारतींचे फलक, यांतून वाट काढीत आपण मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येतो. शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे जाणारा रस्ता धरला की पंधरा-वीस मिनिटांत शहर मागे पडते. उजवीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य, पुढे तानसा नदीचे खोरे, मांडवी, उसगाव अशी गावे आणि गावांपासून जराशा अंतरावर वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. पळस फुलले होते, मोहाची फुले गळू लागली होती आणि भाताची शेते कापणीनंतर कोरडी पडली होती. या कोरड्या शेतांतून ठिकठिकाणी धूर निघत होता. त्या वीटभट्ट्या होत.

कातकऱ्यांचे नावच व्यापाराशी जोडलेले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. पानाच्या दुकानातला कात ज्या व्यापाऱ्यांमार्फत शहरात जाई, ते व्यापारी श्रीमंत झाले. कात काढणाऱ्याच्या हातून मात्र जंगल सरकारी झाल्यावर खैरही गेला. जमीन बहुतेकांपाशी नव्हतीच. आज केंद्र सरकारच्या वर्गवारीत महाराष्ट्रातील तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

आता लग्नाचा खर्च. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द सर्वांना ठाऊक होता. आदिवासी तरुणास लग्नासाठी पैसे हवे असत: वधूमूल्य, जेवण, ताडी, दोन लुगडी. रक्कम बहुधा काही शे रुपयांच्या आत. ती सावकार किंवा जमीनदार देई आणि त्या बदल्यात नवरा, पुष्कळदा नवराबायको दोघेही, त्याच्या घरी आणि शेतावर राबत. रक्कम कधी फिटत नसे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यावी लागे. ती कापणीला सवाई किंवा दिडीने परत करावयाची. आपल्यातील जुन्या पेढ्यांवरील वृद्धांना वाढीदिढी हा शब्द ठाऊक असेल. मण दिला, दीड मण घेतला. हिशेब शाईत पक्का, आणि ज्याच्या नावावर तो मांडला त्यास अक्षर कळत नाही. हे सावकार कोणा एका समाजाचे नव्हते. त्यांत पारशी होते, ब्राह्मण होते, आणि वाणी-मारवाडी व्यापारीही होते. आपल्या मासिकात हे लिहिताना लेखणी जरा अडखळते, पण लपविण्यात अर्थ नाही. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तलासरी-डहाणूकडे, १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. तो इतिहास गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. त्यानंतर ही प्रथा संपली, असे पुष्कळांना वाटले.

ती संपली नव्हती. १९७९ साली विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित या तरुण दांपत्याने 'विधायक संसद' ही संस्था स्थापन केली. खेड्यात राहून काहीतरी विधायक करावे, एवढ्या हेतूने ती दोघे ठाणे जिल्ह्यातील दहिसर नावाच्या खेड्यात गेली (मुंबईच्या उपनगराचे नाव तेच असले तरी हे गाव निराळे). काम सुरू करताच त्यांच्या ध्यानात आले की ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे ती माणसे आपल्या वेळेची मालकच नाहीत. औषध देणारा आला तरी औषध घेण्यास जाण्याची मुभा मालकाकडून मिळावी लागे. मुलांस शाळेत बसवावे तर ती मालकाची गुरे राखीत. तेव्हा आधी वेठबिगारांची सुटका आणि मग बाकीचे, असा क्रम ठरला. १९८२ च्या सुमारास 'श्रमजीवी संघटना' उभी राहिली आणि उसगावची डोंगरी हे या कार्याचे केंद्र बनले. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या गुलामगिरीविरोधी संस्थेने १९९९ चा पुरस्कार या दांपत्यास दिला. पुढे विवेक पंडित वसईतून विधानसभेवरही गेले. त्या राजकारणाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील, तो येथील विषय नव्हे.

कायद्याची बाजू व्यापाऱ्याच्या दृष्टीने विलक्षण आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. त्यानुसार वेठीस बांधणारे प्रत्येक कर्ज रद्द झाले. केवळ व्याज नव्हे, मुद्दलसुद्धा. आणि असे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने ऋणकोवर नव्हे तर धनकोवर टाकला. एरवी ज्याच्यापाशी वही त्याचा शब्द प्रमाण. येथे वही असणाऱ्यानेच खुलासा करावयाचा. मुक्त झालेल्या माणसास जिल्हा प्रशासनाकडून मुक्ततेचा दाखला मिळतो व पुनर्वसनाचे साहाय्य मिळते. २०१६ साली केंद्राने ही रक्कम प्रौढ पुरुषासाठी एक लाख आणि स्त्रिया व बालके यांच्यासाठी दोन लाख रुपये केली. अत्यंत अमानुष प्रकरणांत ती तीन लाखांपर्यंत जाते. हा दाखला मिळविणे सोपे नसते. तक्रार, पंचनामा, जबाब, आणि त्या साऱ्या वेळेत त्या कुटुंबाने खावे काय, हा प्रश्न. संघटनांचे निम्मे काम तेथेच असते.

जुन्या पद्धतीचा लग्नगडी आता सहसा भेटत नाही. त्याच्या जागी 'बयाणा' आला आहे, म्हणजे आगाऊ उचल. गणपती-दसऱ्याच्या सुमारास, हातात पैसा नसताना, मुकादम पाड्यावर येतो. दवाखान्याचा खर्च, घराचे छप्पर, लग्न, अशा कारणांसाठी कुटुंब उचल घेते. दिवाळीनंतर ते भट्टीवर दाखल होते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, तेथेच राहते. पहाटे माती भिजवावयाची, तीत भाताचा तूस आणि राख कालवायची, साच्यातून विटा पाडावयाच्या, उलटून वाळवायच्या, मग भट्टी रचायची. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्यास खर्ची मिळते आणि ती हिशेबातून वजा होते. हंगाम सरताना हिशेब होतो. कधी हातात पैसे पडतात, कधी उचल फिटत नाही आणि ती पुढच्या वर्षाच्या खात्यावर जाते. सगळे भट्टीवाले फसवणूक करतात असे मुळीच नाही. आगाऊ घेऊन न येणाऱ्या मजुरांची त्यांचीही तक्रार असते, आणि ती खोटी नसते. तरीही, ज्या करारात एका बाजूस वही आहे आणि दुसऱ्या बाजूस केवळ अंगठा, त्यास आपण धंद्यात तरी करार म्हणू का?

आरोग्याचे काय होते ते या वेळापत्रकावरून समजते. गर्भवती स्त्रीचे नाव तिच्या पाड्याच्या अंगणवाडीत असते आणि ती असते साठ-सत्तर किलोमीटरवरच्या भट्टीवर. बाळाच्या लशीची तारीख गावच्या नोंदवहीत येते व जाते. राज्य शासनाने २०१५ साली अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली, तीत आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांस एक वेळचे चौरस जेवण मिळते. पण ते गावात मिळते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला होता आणि त्यानंतर आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निराळा झालेला पालघर जिल्हा वसईपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत एकच आहे, आणि त्या दुर्गम टोकाची पुष्कळ कुटुंबे कार्तिकानंतर शहरालगतच्या या भट्ट्यांवर असतात. त्यांना भेटण्यासाठी घाट चढावा लागत नाही. महामार्गावरून पुलाखाली वळले की पुरे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास विधायक संसदेने येथे 'भोंगा शाळा' काढल्या, त्या याच कारणाने. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून वर गवत-झावळ्या टाकून केलेली मजुराची झोपडी. आत उभे राहता येत नाही. मूल शाळेकडे येत नाही तर शाळा भोंग्यात नेली. शिक्षक बहुधा थोडाफार शिकलेला आदिवासी तरुण किंवा तरुणी. मुले विटा उलटण्याच्या कामाला जुंपलेली असत, तेव्हा पालकांची आणि मालकांची समजूत घालून दोन-तीन तास मिळवायचे. एकदा मुले एका जागी बसू लागली की त्यांची खरूज, त्यांचे खोकले, त्यांचे वजन दिसू लागते. आरोग्य केंद्रातील परिचारिकेस लस देण्यासाठी कोठे जावे हे कळते. शाळेने दवाखान्यास पत्ता मिळवून दिला, असे म्हणता येईल. पुढे २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आता अशा मुलास वर्षाच्या मध्यातही जवळच्या शाळेने वयानुसार वर्गात प्रवेश दिला पाहिजे. कायदा आहे, मुलास भट्टीवरून हात धरून शाळेच्या दारापर्यंत नेणारे कोणी असले तर तो चालतो.

वसईत सेवाभावी संस्थांची वाण नाही. किनाऱ्याकडील ख्रिस्ती समाजाने शाळा व रुग्णालय चालविले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या चळवळीने विहिरी व वाड्या यांची काळजी वाहिली. जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचे प्रयोग केले. आपल्या समाजाची मंडळेही थंडीत ब्लँकेटे, जूनमध्ये वह्या आणि मधूनमधून नेत्रशिबिरे घेऊन या भागात येतात. ते चांगलेच आहे. ज्यास मोतीबिंदू आहे त्याने कर्जाच्या निर्मूलनाची वाट पाहू नये. मात्र एका वृद्ध कार्यकर्त्याने सहज बोलता बोलता सांगितले ते मनात राहिले. जानेवारीत पाड्यावर ब्लँकेटे वाटायला येता तेव्हा पाडा रिकामा असतो, म्हातारे तेवढे असतात. थंडी वाजणारी मुले भट्टीवर असतात. यादी करतानाच जर कोणी विचारले असते की ही माणसे कोणत्या महिन्यात कोठे असतात, तर तेच ब्लँकेट योग्य अंगावर गेले असते. मालाची जागा आणि वेळ चुकली तर माल पडून राहतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागू नये.

ज्या मोतीशा शेठांचे नाव आगाशीच्या मंदिराशी परंपरेने जोडले जाते, त्यांची कीर्ती मंदिरांची आणि मुंबईच्या पांजरापोळाची. त्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती मात्र व्याख्यानात क्वचित येते: अखेरच्या काळात त्यांनी गरीब ऋणकोंची कर्जे सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका भट्टीवर गेलो. मालकाची परवानगी होती. त्याने चहाही पाजला. साच्याजवळ बसलेल्या बाईंना विचारले, "बाई, गाव कोणतं तुमचं?"

"जव्हारकडं, शेट."

"घरी कधी जाणार?"

"हिशेब झाला का जाऊ."

"हिशेब कोण ठेवतं?"

"मुकादम ठेवतो. आम्हाला कुठं लिवता येतं?" मग भोंग्याकडे मान वळवून म्हणाल्या, "त्याला येतं आता."

तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा. एका ताईंनी त्याचे नाव जवळच्या शाळेत घातले होते. त्याने दप्तरातून वही काढून दाखविली. मागच्या पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर आई-वडिलांनी पाडलेल्या विटांचा आकडा. कोणी सांगितले होते का, असे विचारता त्याने नुसती मान हलविली. खाडाखोड होती, एके ठिकाणी हातचा विसरला होता, पण दर आठवड्यास खाली रेघ मारून बेरीज केलेली होती आणि बेरजेजवळ घेतलेली खर्ची. जमा एकीकडे, नावे एकीकडे. आदल्या दिवसाचा आकडा अकराशे होता. मुकादमाच्या वहीत किती होता, ते पाहण्यास मिळाले नाही.